बांधलेली लाकडं

फेब्रुवारी लागला की सांगवीच्या काठाला पवनेचं पाणी दिसेनासं होतं. दिसते ती जलपर्णी. जाड पानांची, हिरवीगार, वर जांभळे तुरे. पुलावरून पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटावं, कुणीतरी हौसेनं बाग फुलवली आहे. काठावर राहणाऱ्यांना विचारा. दिवेलागणीला खिडकी उघडायची सोय नाही, की पोरांना अंगणात सोडायची. डास असे घरात शिरतात, की पाहुण्यांनीही लाजावं.

ही बाग उपटायचं काम दत्तोबाकडे होतं. ठेकेदाराची माणसं पुष्कळ, पण ती सगळी काठावरची. पाण्यावर जाणारे दोघंच: दत्तोबा आणि साहेबराव. निळ्या प्लास्टिकच्या पिंपांच्या दोन रांगा, त्यांवर आडवे बांबू, सगळं काथ्याच्या दोरानं आवळलेलं. त्यावर उभं राहून दोघं लांब काठ्यांनी जलपर्णीचा गालिचा काठाकडे रेटत. जिथं मुळं गुंतलेली असत तिथं विळ्यानं कापत. काठाला पोकलेन वाट पाहत असायचं. ते ओंजळ भरून हिरवा चिखल उचलायचं आणि डंपरमध्ये टाकायचं. दुसऱ्या दिवशी पाहावं, तर आदल्या दिवशीची मोकळी जागा पुन्हा भरलेली. साहेबराव म्हणायचा, "आपली नोकरी पक्की आहे, दत्ताभाऊ. ही बया रिटायर होऊ द्यायची नाही."

सगळे त्या पिंपांना तराफा म्हणत. दत्तोबा म्हणायचा सांगड.

तो भोयांच्या घरातला. सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठी त्याचं गाव. बापाकडे नाव होती. पावसाळ्यात नाव चालायची, आणि पाणी ओसरलं की सांगड. सुकवलेले मोठमोठे भोपळे दोन रांगांत बांधायचे, वर बाज टाकायची, बाजेवर माणूस नाहीतर धान्याचं पोतं. दत्तोबा लहानपणी त्या बाजेच्या दोराला धरून पोहायला शिकला. मग गावाला पूल झाला. उद्घाटनाला बापाला बोलावून नारळ दिला, शाल दिली. बाप शाल घेऊन घरी आला आणि ओट्यावर बसला. आजारी नव्हता, की कुणावर रागावलेला नव्हता. नुसता बसला. वर्षभरात बसूनच गेला. पाण्यावरून उतरलेला माणूस कसा दिसतो ते दत्तोबानं तेव्हा पाहिलं, आणि ते चित्र त्याच्या मागं लागलं.

गाव सोडून तो चिंचवडला आला. प्रेस शॉपमध्ये लागला, सोडलं. फौंड्रीत लागला, सोडलं. चाकणला रंगकामाच्या लाइनवर, मग एका सोसायटीच्या गेटवर खुर्चीत. खुर्ची तर आठवड्यात सोडली. बायको सावित्रीबाई शेजारणीला सांगायची, "पायाला भिंगरी म्हणत्यात ना, आमच्याकडं आख्खी जत्राच बांधलीय." नदीचं काम मिळालं आणि ती जत्रा थांबली. तिसरा उन्हाळा चालू होता. सावित्रीबाई कुणाला बोलून दाखवत नव्हती, पण रोज सकाळी डबा भरताना तिला बरं वाटायचं.

साहेबराव देहूरोडचा. त्याचे वडील कामासाठी जालन्याकडून आलेले. तो इथंच वाढला, कॅन्टोन्मेंटच्या शाळेत शिकला, मग एका कंपनीत टेम्पो चालवायचा. कंपनीनं प्लांट दुसऱ्या राज्यात हलवला तेव्हा टेम्पोही गेला. पाण्याचं त्याला काही ठाऊक नव्हतं. सांगड कशी बांधायची ते दत्तोबानं त्याला शिकवलं, आणि दोन गोष्टी पहिल्या दिवशीच सांगितल्या. एक, सांगड एकट्यानं बांधायची नसते. समोरासमोर दोघं बसतात. एकानं गुडघा रोवायचा, दुसऱ्यानं ओढायचं, म्हणजे गाठीत दोघांचा जीव पडतो. दुसरी, बांधून झाली की बांधणाऱ्यांनीच आधी वर चढून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं.

"का पण?" साहेबरावानं विचारलं होतं.

"बा म्हनायचा, ज्यानं बांधली त्यानं आधी बुडावं. मग बाकीच्यांनी बसावं."

"भारी आहे की तुमचा क्वालिटी कंट्रोल," साहेबराव म्हणाला. पण तेव्हापासून दर पंधरवड्याला गाठी बदलल्या की तो न सांगता दत्तोबाच्या मागोमाग सांगडीवर चालून यायचा.

होळीच्या आधी एका दुपारी ट्रक आला. त्यावर दोन लांब, अरुंद, पांढऱ्याशुभ्र नावा, आणि वेगळा बांधलेला एक फलाट. निघोज्याच्या एका वर्कशॉपनं त्या बनवल्या होत्या. एरवी तिथं टेम्पोचे फायबरचे टप आणि बसच्या खुर्च्या होत. वर्कशॉपचा रविराज आणि त्याच्या माणसांनी काठावरच दोन नावा शेजारी ठेवल्या, वर फलाट बसवला, बोल्ट आवळले. पुढं दातेरी पंजा, मागं इंजिन, इंजिनाच्या पंख्याभोवती लोखंडी जाळी. एका बाजूला निळ्या इंग्रजी अक्षरांत काहीतरी रंगवलं होतं.

दत्तोबा तिच्याभोवती दोनदा फिरून आला. मग सुपरवायझर अंजली मॅडमकडे गेला. अंजली तिशीच्या आतली, पर्यावरणाचं शिकलेली. उन्हाची टोपी आणि चिखलाचे बूट यांशिवाय तिला कुणी पाहिलं नव्हतं.

"म्याडम, काय लिव्हलंय त्ये?"

"कॅटामरान. बोटीचा प्रकार आहे, काका."

"म्हंजी?"

"मी सांगतो," साहेबराव मध्येच म्हणाला. "कॅट म्हणजे मांजर. कॅट, मरण. पाण्यात टाकल्यावर मांजराचं दुसरं काय होणार?"

रविराज मोठ्यानं हसला. अंजलीही हसली, पण तिनं चहाचा कप खाली ठेवला. असं काही विचारलं की तिला सांगायला आवडायचं, आणि दत्तोबाइतकं विचारणारं काठावर दुसरं कुणी नव्हतं.

"मांजराचा काही संबंध नाही. शब्द इंग्रजी आहे, पण इंग्रजांचा नाही. तमिळ आहे. कट्टू म्हणजे बांधणं, मरम म्हणजे झाड, लाकूड. कट्टुमरम. बांधलेली लाकडं."

"बांधल्याली लाकडं," दत्तोबा म्हणाला.

"तिकडच्या किनाऱ्यावरचे कोळी तीन-चार ओंडके दोरानं एकत्र बांधून समुद्रात जायचे. परत आले की दोर सोडून ओंडके वाळूत सुकत टाकायचे. इंग्रजांची मोठी जहाजं किनाऱ्याला लागू शकायची नाहीत, लाटा फार. मग हे लोक त्या ओंडक्यांवर बसून जहाजावर चिठ्ठ्या पोचवायचे. गोऱ्या खलाशांनी ते पाहिलं आणि शब्द उचलला. तीनशे वर्षं तरी झाली असतील."

"आन् ह्या दोन नावा? ह्ये तर ओंडकं न्हाईत."

"तीच तर गंमत. पुढं त्यांनी लांबच्या बेटांवर जोडनावा पाहिल्या, दोन नावा शेजारी आणि वर आडव्या काठ्या. त्यांनाही हेच नाव चिकटवलं. मग ओंडके विसरले गेले आणि नाव जोडनावांकडे राहिलं. आता शर्यतीच्या बोटी असोत, शेकडो माणसं नेणाऱ्या बोटी असोत, खाली दोन नावा असल्या की कॅटामरान. घाईत नुसतं कॅट म्हणतात." तिला आणखी एक आठवलं. "आणि जुन्या काळी तिकडे भांडखोर बाईला पण कॅटामरान म्हणायचे."

"आमच्या घरी हाय एक," दत्तोबा म्हणाला. "पर तिला सांगू नगा."

हसणं ओसरल्यावर तो पुन्हा बोटीकडे गेला. वाकून फलाटाखाली पाहिलं. हात घालून बोल्ट चाचपले. तिथूनच त्यानं विचारलं, "म्याडम, पर ह्याच्यात बांधलंय कुटं?"

"काका, आता बोल्ट असतात. बांधत नाहीत."

"मग नाव का तसलं?"

"नाव राहतं," अंजली म्हणाली. "वस्तू बदलते."

आणि मग तिनं ती गोष्ट सांगितली, जी ती सकाळपासून टाळत होती. पिंपांचा तराफा सुरक्षेच्या नियमात बसत नाही, तो मोडायचा. बोटीला चालवणारा एकच लागतो. रविराज दोघांनाही शिकवेल. गुरुवारी दोघांची चाचणी. जो नीट चालवेल तो बोटीवर. दुसरा काठावर, पोकलेनबरोबर.

"काम दोघांचंही राहील," ती म्हणाली. "पगार तोच."

दोघांनी त्या दुपारी डबे शेजारीच उघडले, पण कुणी कुणाच्या डब्यात हात घातला नाही.

पुढचे दिवस शिकण्यात गेले. साहेबरावाचे हात टेम्पोचे. त्याला वेग कधी द्यायचा, कधी काढायचा हे लगेच कळलं. दत्तोबाला वेग कळेना, पण पाणी कळायचं. बोट कुठं ओढली जाणार ते त्याला आधी ठाऊक असायचं. रविराज म्हणाला, दोघं उन्नीस-बीस. त्यामुळं दत्तोबाला ना हरल्यासारखं वाटे, ना जिंकल्यासारखं. घरी आला की तो दारात उभा राही, पाणी प्यायला आत जाई, पुन्हा दारात. सावित्रीबाई म्हणाली, "अवो, एका जागी बसा की जरा. टीव्हीपुढनं चारदा गेलासा, शिरेलीतलं मेलं कोन त्ये पन कळलं न्हाई."

"ओट्यावर बसू व्हय, बा-वानी?" तो एकदम म्हणाला.

तिनं टीव्ही बंद केला. तिनं सासऱ्याला पाहिलं नव्हतं, पण तो ओटा तिला ठाऊक होता.

दत्तोबाला चाचणीचा घोर होताच, पण त्याहून एक बारीक गोष्ट त्याला टोचत होती. बांधलेली लाकडं. नावातच सांगितलंय, ही बांधलेली वस्तू आहे. दोन नावा शेजारी ठेवल्यात म्हणजे सांगडच झाली. पाण्यानं उद्या त्यांना दोन दिशांना ओढलं तर धरून कोण ठेवणार? बोल्ट. ते आवळणारी माणसं तर टेम्पोत बसून निघोज्याला गेली, बोटीवर एक पाऊल न टाकता. त्यानं रविराजला म्हणून पाहिलं होतं, "तुमच्या पोरांना आदी बसवा की वर." रविराज म्हणाला, "काका, त्यांची सेकंड शिफ्ट आहे." विषय संपला. वस्तू अंगाखाली घेतल्यावर तिची खात्री पटायला काय लागतं, ते प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. दत्तोबाला दोर लागायचा.

बुधवारी काम सुटल्यावर तो सांगवीच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकानदारानं नेहमीचा काथ्या पुढं केला. दत्तोबानं तो बाजूला सारला. पांढऱ्या बोटीला तो तपकिरी, कुसं उडालेला काथ्या कसा बांधायचा. नव्या नवरीला बोहारणीचं लुगडं नेसवल्यासारखं. त्यानं नायलॉनचा पांढरा, गुळगुळीत दोर घेतला.

"काय काका, म्हैस घेतली काय?" दुकानदारानं विचारलं.

"म्हैसच म्हना. पान्यातच बसती."

काठावर पहारेकऱ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तो फोनवर गावाकडच्या कुणाशी तरी भांडत होता. ऊन उतरलं होतं. दत्तोबा काठावर ओढून ठेवलेल्या बोटीखाली आडवा झाला आणि एका नावेच्या कडीतून दोर घेऊन फलाटाखालून दुसऱ्या नावेच्या कडीत नेला. समोरचं टोक धरायला साहेबराव हवा होता. फोन केला असता तर आलाही असता. पण उद्या दोघांतून एकच राहायचा. अशा वेळी कुठल्या तोंडानं बोलवायचं? ज्या माणसाची जागा आपल्याला हवी आहे, त्यालाच म्हणायचं, ये, जरा गुडघा रोव? दत्तोबानं दोराचं टोक फलाटाच्या खांबाला अडकवलं, गुडघाही स्वतःच रोवला आणि ओढणाराही स्वतःच झाला. बापाची गाठ मारली, पाठीशी दोन वेढे आणि त्यांच्या मधून माघारी. शेवटी सवयीनं दोराखाली दोन बोटं घालून तेवढी ढील ठेवली. ओला झाला की दोर आवळतो. ताठ बांधला तर बांबू मोडतो. हे त्याच्या डोक्याला ठाऊक होतं की बोटांना, सांगणं कठीण.

त्या रात्री तो पोटभर जेवला. सावित्रीबाईनं तिसरी भाकरी वाढताना त्याच्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं पिठलं वाढलं.

गुरुवारी बोट पहाटेच पाण्यात लोटलेली होती. त्यानं ठरवलं होतं, कुणी यायच्या आत आपण वर चढायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. पण तो पोचला तेव्हा साहेबराव नारिंगी जाकीट घालून फलाटावर उभाच होता. रविराज इंजिनापाशी, अंजली पुढच्या बाजूला.

"काका, आधी साहेबराव भाऊ," अंजली म्हणाली. "ते आधी आले."

"मला जाऊ द्या आदी."

"दोघांनाही तेवढाच वेळ मिळणार आहे."

"त्याचं न्हाई ओ. मीच आदी जायाला पायजे."

अंजलीचा चेहरा जरा कडक झाला. "काका, रांगेत घुसू नका, प्लीज. बरं दिसत नाही."

साहेबराव दुसरीकडे बघत होता. का जायला पाहिजे, ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यात दोर होता, आणि दोर सांगितला की न विचारता केलेलं काम सांगावं लागणार, चाचणीच्या सकाळी. दत्तोबा दोन पावलं मागं सरला. इंजिन सुरू झालं. बोट काठापासून सुटली, वळली, आणि वळताना फलाटाखालचं पाणी उघडं पडलं.

दत्तोबाला दोर दिसला. आवळला नव्हता. पाण्याच्या वजनानं मध्येच पोट सुटल्यासारखा खाली लोंबत होता, आणि गाठीचं शेपूट मागं वाहत होतं, इंजिनाकडे. नायलॉन. नायलॉन भिजला की आवळत नाही, उलट ताणला जातो. पोरवयात मासे धरायची जाळी ओढताना शिकलेली ती गोष्ट त्याला ठाऊक नव्हती असं नाही. फक्त काल संध्याकाळी त्याच्या बोटांना ती कुणी सांगितली नव्हती.

"थांबा!" तो ओरडला. "ए, थांबा!"

अंजलीनं हात हलवला. तिला वाटलं, निरोप देतोय. दोर आहे, असं तो तरीही ओरडला नाही. तो काठाकाठानं बोटीबरोबर चालू लागला, मग पळू लागला. मुळा नदीचं पाणी येऊन मिळतं तिथं नदी रुंद होते. खाली बंधारा आहे, आणि त्या आठवड्यात त्यावरून पाणी वाहत होतं. बोट मधोमध पोचली. इंजिन एकदा खोकलं. मग त्याचा आवाज बारीक झाला आणि बंद पडला.

शांतता झाली तशी तिघांची बोलणी काठापर्यंत ऐकू येऊ लागली. साहेबरावानं इंजिन सुरू करायची दोरी ओढली, पुन्हा ओढली. "कचऱ्यात घातलीस," रविराज म्हणत होता. "त्या बाजूनं घेऊ नको म्हटलं होतं ना?" बोट आडवी झाली. आधी हळूच, मग तेवढं हळूच नाही, ती बंधाऱ्याकडे सरकू लागली.

दत्तोबा मागं पळाला. सांगड खुंटाला बांधलेली होती, मोडायची राहिलेली. त्यानं ती सोडली आणि एकट्यानं काठी रोवली. दोघांचं काम एकट्यानं करताना सांगड तिरकी जाते; ती तिरकीच गेली, पण गेली. जलपर्णीचे पट्टे पिंपांखाली चिरडत होते. काठी तळाला टेकेनाशी झाली तेव्हा तो पोटावर पडला आणि हातांनीच पाणी मारू लागला. काथ्याचा दोर फेकला, तो साहेबरावानं पहिल्याच फेकीला धरला. साहेबरावानं दोर कडीत अडकवला, दत्तोबा विळा तोंडात धरून पाण्यात उतरला.

पंख्याभोवती जाळीच्या आत पांढरा दोर घट्ट गुंडाळलेला होता. तो कापत असताना बंधाऱ्याचा आवाज पाण्याखाली कानात घुमत होता. सगळा दोर निघाला तेव्हा तो श्वासासाठी वर आला, आणि पिळाचा गुंता फलाटावर फेकला. इंजिन दुसऱ्या ओढीला लागलं. सांगड मागं बांधून ते काठाला आले.

अंजली उतरली. तिनं जाकिटाचे पट्टे सोडले, पुन्हा लावले.

"नदीत काय कमी घाण आहे?" रविराज म्हणाला. "कुणीतरी टाकलेला दोर. पण चालवणाऱ्यानं बघायला पाहिजे. वळण फार जोरात घेतलं यानं."

साहेबराव गुंता उचलून फलाटाच्या कडेला बसला.

"साहेबराव भाऊ, सॉरी," अंजली म्हणाली. मग दत्तोबाकडे वळली. "काका, बोट तुम्हीच चालवा. आज तुम्ही नसता तर... सांगायला नको."

मिळाली. ज्याच्यासाठी आठवडाभर झोप लागली नव्हती ते त्याच्या ओल्या अंगावर आपोआप येऊन पडलं. काठावरची माणसं जवळ आली, कुणी टॉवेल दिला, कुणी पाठीवर थाप मारली. "दत्तोबा, राव, पेढे!" दत्तोबा टॉवेल हातात घेऊन तसाच उभा. तो साहेबरावाकडे बघत होता.

साहेबराव फलाटावर बसून त्या पांढऱ्या गुंत्यातून एक-एक वेढा सोडवत होता. एके ठिकाणी त्याची बोटं थांबली. दोन वेढे आणि त्यांच्या मधून माघारी. त्यानं ती गाठ अंगठ्यानं दाबून पाहिली. तशी गाठ या काठावर दोनच माणसांना यायची. त्यानं वर पाहिलं नाही. दोर गुंडाळला, मांडीवर ठेवला आणि नदीकडे बघत बसला.

तो आत्ता बोलेल, दत्तोबाला वाटलं. तो बोलला नाही. मग दत्तोबाला वाटलं, तो बोलणारच नाही. हे जास्त वाईट होतं.

"दोर माजा हाय," दत्तोबा म्हणाला.

कुणाला कळलं नाही. टॉवेल देणारा म्हणाला, "घ्या की मग, आम्ही कुठं नेतोय?"

"म्याडम. त्यो दोर मी बांदला व्हता. काल. दोन नावा एकमेकींना धरून ऱ्हाव्यात म्हनून. ढील ऱ्हायली. साहेबरावानं बोट बरुबर चालवली. वळन पन बरुबर हुतं."

अंजली आधी हसल्यासारखी झाली, कारण ऐकलेलं तिला जुळवता येईना. मग जुळलं. "न विचारता?" ती म्हणाली. "इंजिनाच्या बोटीला, पाण्याखाली, न विचारता दोर बांधला?"

"व्हय."

"काका, आम्ही तिघं होतो वर."

त्याला ते ठाऊक होतं. सकाळपासून दुसरं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं मान हलवली. रविराज तोंड उघडणार होता. अंजलीनं त्याला हातानंच थांबवलं.

तेव्हा साहेबराव फलाटावरून उतरला. दोर त्याच्या हातात होता. तो दत्तोबापुढं येऊन उभा राहिला आणि त्यानं जे विचारलं, ते मॅडमला नाही, फक्त दत्तोबाला.

"एकट्यानं बांधलंत?"

दत्तोबानं त्याच्याकडे पाहिलं.

"मला फोन केला असता तर आलो नसतो का मी? देहूरोड काय लंडनला आहे? अर्ध्या तासात आलो असतो. ढील मी बघितली असती. म्हटलं असतं, दत्ताभाऊ, हा नायलॉन आहे." त्याचा आवाज चढला होता, आणि चढलाय हे त्याला आवडलं नव्हतं. "नोकरीचं काय? तुम्हाला मिळाली असती नाहीतर मला. पण आपण दोघं आहोत हे तुम्ही बुधवारीच विसरलात. गुरुवार तरी उजाडू द्यायचा!"

बंधाऱ्याची भीती ओसरली होती. ही लाज कुठं ओसरायची, ते दत्तोबाला कळेना. "चुकलं," तो म्हणाला.

निकाल अंजलीनं दुपारी दिला. ठेकेदाराला तिनं काय सांगितलं आणि काय नाही, ते तिचं तिला ठाऊक. दत्तोबाची नोकरी राहिली. बोट साहेबरावाकडे गेली. "तुमच्या हातात जीव द्यायला मला भीती वाटत नाही, काका," ती म्हणाली. "पण बोटीवर असा माणूस हवा, जो आधी विचारेल. मला, नाहीतर निदान शेजाऱ्याला." दत्तोबाला ते पटलं. पटलं म्हणून दुखायचं थोडंच राहतं? वरच्या अंगाला, पिंपळे गुरवच्या बाजूला, पोकलेनबरोबर उभं राहायचं, डंपर भरला की शिट्टी मारायची. डंपर दोनला निघणार होता आणि त्याला बरोबर नेणार होता.

साहेबराव बोटीत डिझेल भरत होता. दत्तोबा काठावर येऊन उभा राहिला. दोघांच्या मध्ये चार हात पाणी.

"तिसऱ्या खांबापाशी," दत्तोबा म्हणाला.

साहेबराव कॅन ओतत राहिला.

"तिसऱ्या खांबापाशी जुन्या पुलाचं दगड हायेत खाली. वरनं दिसत न्हाईत. डाव्या अंगानं जा."

"हं."

"घाटापुढं साड्या असत्यात. लोक बुडिवत्यात. लांब असत्यात, पंख्याला गुंडाळत्यात. तितं पंखा वर घे आन् काठीनं जा."

साहेबरावानं कॅनचं झाकण लावलं. सरळ उभा राहिला. "किती लांब घाटापासून?"

"वडाची सावली पडती तिथवर. दुपारची न्हाई, सकाळची." दत्तोबा एक पाऊल पाण्यात आला. "आन् दुपारच्याला वारं फिरतं. सगळी जलपर्नी औंधाच्या अंगाला सरकती. तू हिकडं ढकलत बसशील, ती तिकडं जाईल. सकाळी सकाळी उरकून घे हिकडचं. नाल्याच्या तोंडाला पानी कडवाट आसतं, हात नगं घालू, खाज सुटती."

"ते माहीत आहे. गेल्या वर्षी माझाच हात सुजला होता."

"व्हय. तुजाच." दत्तोबा थांबला. डंपरवाल्यानं भोंगा वाजवला. तो वळला, चार पावलं गेला. पुन्हा आला. बूट पाण्यात शिरले होते, ते त्याच्या ध्यानात नव्हतं.

"बंदाऱ्याच्या वर एक जागा हाय. तितं पानी उभं दिसतं, हालत न्हाई. पर खाली हालतं. तितं इंजिन बंद करायचं न्हाई, कायबी झालं तरी."

"कुठं? दाखवा."

दत्तोबानं हात लांब केला. साहेबराव बोटीच्या टोकाला आला आणि त्या हाताच्या रेषेत बघू लागला. डंपरवाल्यानं दुसऱ्यांदा भोंगा वाजवला, मग तिसऱ्यांदा, मग खिडकीतून डोकं काढून शिवी घातली.

"तिकडं न्हाई," दत्तोबा म्हणत होता, "जरा उजव्या अंगाला. त्यो पांढरा बगळा बसलाय न्हवं, त्याच्या म्होरं. आता उडाला बग त्यो. तितं."